खोलीतली दुसरी बाई

पाळणाघरातली मुलं तिला माऊ म्हणत. 'मावशी' म्हणताना कुणा एका बोबड्याची जीभ अडखळली, तिथून हे नाव निघालं आणि असं चिकटलं, की मुलांच्या आया, दूधवाला आणि पाळणाघर चालवणाऱ्या बाईसुद्धा तिला माऊच म्हणू लागल्या. वय पन्नाशीला टेकलेलं. अंगानं मध्यम, रंगानं मध्यम, आवाजही मध्यम. चार बायकांत उभी राहिली आणि नंतर कुणी विचारलं, चौथी कोण होती, तर सांगता येऊ नये अशी.

तरुणपणी तिनं हौशी नाटकांत कामं केली होती. कामं म्हणजे चहा आणून ठेवणारी, शेजारीण, दवाखान्यात बाकावर बसलेली एक बाई. तिचा नवरा एका लाँड्रीची गाडी चालवायचा. तो लोकांना सांगे, "हिचं नाटक मी तीनदा पाहिलं, आणि तिन्ही वेळा शेवटी विचारलं, अगं, तू कधी येणार होतीस?" तीही सगळ्यांबरोबर हसायची. पण नाटकाचं वेड तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं, आणि म्हणूनच ती त्या कॉलेजातल्या कामात सापडली.

नाटकातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसानं तिला सांगितलं होतं, की कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात एका मॅडमना साधीसुधी दिसणारी बाई हवी आहे, दुपारची, आठवड्यातून दोनेकदा. ती गेली. मॅडमनी तिला उभं करून, बसवून, चालायला लावून पाहिलं आणि मनापासून खूश होऊन म्हणाल्या, "तुमचा चेहरा अगदी हवा तसा आहे. लक्षात राहत नाही." घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "इतकी वर्षं तो चेहरा फुकट वाया घालवलास की गं."

काम असं होतं. माणूस दुसऱ्या माणसाबद्दल मत कसं बनवतो आणि ते कसं बदलतं, यावर मॅडमचं संशोधन होतं. त्यासाठी बाहेरची माणसं बोलावत. आलेल्या माणसाला एका बसायच्या खोलीत थांबवत आणि सांगत, की अजून दोघी तुमच्यासारख्याच आल्या आहेत. त्या दोघींतली एक माऊ, दुसरी मॅडमची विद्यार्थिनी. थोड्या वेळानं विद्यार्थिनी पिशवी खुर्चीवर ठेवून बाहेर जायची. मग माऊनं त्या पिशवीत हात घालायचा, पाकीट काढायचं, स्वतःच्या पर्समध्ये टाकायचं आणि काहीच झालं नाही अशी बसून राहायचं. हे सगळं आलेल्या माणसाला दिसेल असं, पण दाखवून केलंय असं वाटू नये असं. भिंतीतल्या आरशामागून मॅडम पाहत असत; तिकडून तो आरसा नसून काच होती. कधी माऊनं चोरीआधी गोड गप्पा मारायच्या, कधी घुम्यासारखं बसायचं. कधी चांगले कपडे, कधी विटलेले. नंतर त्या माणसाला वेगळ्या खोलीत नेऊन विचारायचं, की तुमच्याबरोबर बसलेली दुसरी बाई तुम्हाला कशी वाटली, प्रामाणिक की अप्रामाणिक, मायाळू की कोरडी. आणि वेगळं काही घडलं का?

हे झालं की मग उलगडा. त्याला सगळे उलगडाच म्हणत. मॅडम त्या माणसाला सगळं खरं सांगत, माऊ आत येऊन नमस्कार करी, रिकामं पाकीट उघडून दाखवी. समोरच्याचा आवळलेला चेहरा हळूहळू सैल होत जाई. काही जण पोट धरून हसत. एका म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली होती. माऊला अख्ख्या कामात आवडायचं ते एवढंच. चोरी करताना प्रत्येक वेळी तिच्या पोटात गोळा यायचा. उलगडा झाला की तो विरघळायचा. एक अट मात्र होती. प्रयोग पुरा होईपर्यंत बाहेर कुणाजवळ ब्रही काढायचा नाही. तसं तिनं लिहून दिलं होतं.

एका बाईचा उलगडा राहून गेला. तिशीतली, औषधाच्या दुकानात काम करणारी. त्या दिवशी माऊच्या वाट्याला गोड गप्पांची भूमिका होती. गप्पा रंगल्या. माऊला बोलता बोलता ठसका लागला, तर त्या बाईनं पर्समधून खोकल्याची गोळी काढून दिली आणि चघळून खा, गिळू नका, असंही बजावलं. पुढच्याच मिनिटाला माऊनं तिच्या देखत पाकीट उचललं. त्या बाईचे डोळे आधी विस्फारले, मग खाली गेले आणि बुटांवर खिळले. ती काही बोलली नाही. वेगळ्या खोलीत कागद भरून होतोय तोच तिचा फोन वाजला आणि ती पर्स छातीशी धरून जिना उतरत पळालीच. विद्यार्थिनी मागे धावली, पण रस्त्यावर ती दिसेनाशी झाली होती. नंतर दोन-चारदा फोन केले, कुणी उचलला नाही. मॅडम म्हणाल्या, पुन्हा करू. मग ते मागे पडलं.

ही बाई पुन्हा दिसेल असं माऊच्या स्वप्नातही नव्हतं. दिसली ती थेट पाळणाघराच्या दारात, एका सकाळी, कडेवर गोल डोळ्यांची मुलगी घेऊन.

पाळणाघराच्या बाई नव्या मुलांना दारातच माऊच्या हाती सोपवत. तशा त्यांनी हाक मारली आणि माऊ हात पुसत पुढे आली. मुलीला घ्यायला तिनं हात पसरले, वर पाहिलं आणि तिचे हात तसेच राहिले. समोरची बाई तिच्याकडे बघत होती. तेच विस्फारलेले डोळे. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात न राहिलेला चेहरा या एका बाईच्या बरोब्बर लक्षात राहिला होता.

"घ्या ना," पाळणाघराच्या बाई म्हणाल्या. "माऊ, काय झालं?"

मुलीच्या आईनं क्षणभर मुलीला घट्ट धरलं. मग सोडलं. का सोडलं ते माऊला त्या वेळी कळलं नाही. सासूच्या पायाचं हाड मोडलं होतं, मुलीला सांभाळायला घरात कुणी नव्हतं, आणि दुकानाजवळ जागा असलेलं पाळणाघर हे एकच होतं, हे सगळं नंतर समजलं. त्या दिवशी वाजलेला फोन सासू पडल्याचाच होता.

मुलीला घरी बटण म्हणत. डोळे तसेच होते. आई गेल्यावर बटण थोडी रडली, मग माऊच्या खांद्यावर डोकं टाकून निवांत झाली. माऊचं मात्र धाबं दणाणलं होतं. ती आता बाईंना सांगणार. दुपारी सांगेल. नाहीतर न्यायला येईल तेव्हा सांगेल. पोलिसांत जाईल? पाळणाघर म्हणजे अख्खा विश्वासाचा धंदा. तिथं एकदा नाव खराब झालं की संपलं. आणि आपण काय सांगणार? मी चोरी करत नाही हो, चोरीचं फक्त काम करते?

संध्याकाळी बटणची आई आली, मुलीला घेतलं आणि काही न बोलता गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. माऊला वाटलं होतं, वाईट म्हणजे ती बोलेल हे. आता कळलं, की ती बोलत नाही हे त्याहून वाईट आहे. बोलली असती तर एक काहीतरी होऊन गेलं असतं. हे म्हणजे डोक्यावर टांगलेलं राहिलं. आई रोज दारात येई, नमस्कार नाही की चमत्कार नाही, माऊच्या डोळ्यांना डोळा न देता मुलगी सोपवी आणि जाताना दोन वेळा मागे वळून पाही.

माऊच्या अंगात भीती अशी मुरली, की हातातून वस्तू पडू लागल्या. मुलांच्या पिशव्या दाराशी खुंट्यांवर टांगलेल्या असत. त्यात कपडे, डबा, कधी आयांनी औषधासाठी ठेवलेले सुटे पैसे. रोज पन्नास वेळा त्या पिशव्यांत हात घालायचा तिचा परिपाठ. आता ती हात घालेना. कुणाला चड्डी बदलायची असली तर बरोबरच्या जाडीला हाक मारायची. जाडी म्हणजे पाळणाघरात काम करणारी दुसरी बाई. हाडापेरानं काटकुळी, म्हणून सगळे तिला जाडी म्हणत.

"काय गं," जाडीनं विचारलं, "पिशव्यांना करंट लागतोय का तुला?"

माऊ हसली. नाटकात काम केलेल्या बाईला हे कळायला हवं होतं. निर्दोष माणूस पिशवीत सरळ हात घालतो. जो माणूस आपले हात सगळ्यांना दिसतील असे धरून फिरतो, त्याच्याकडेच लोक बघतात. ती आता अख्खा दिवस तशीच फिरत होती. प्रामाणिक दिसण्याची भूमिका तिला कुणी कधी दिली नव्हती, आणि ती तिला अजिबात जमत नव्हती.

एका सकाळी ती आली तर खुंट्या रिकाम्या. सगळ्या पिशव्या वरच्या फळीवर, हात पोचणार नाही अशा. ती भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणजे सांगितलं. सगळ्यांना सांगितलं आणि मला कुणी काही बोलत नाही. सबंध दिवस ती प्रत्येक आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. एकीनं आज तिला 'येते हं' म्हटलं नाही. एकीनं तिच्याकडे पाहून दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. बाईंचा आवाज तिला तुटक वाटला. संध्याकाळी जाडी सहज म्हणाली, की उंदरानं दोन डबे कुरतडले म्हणून पिशव्या वर ठेवल्यात, तू काल लवकर गेलीस म्हणून तुला माहीत नाही. माऊला हायसं वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं, जाडी मला खरं सांगत नसेल तर?

नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, सरळ जाऊन त्या बाईला सांग, खड्ड्यात गेली ती अट. तिनं म्हटलं, लिहून दिलंय. तो म्हणाला, लिहून दिलंय ते चोर नसलेल्या बाईनं दिलंय, आधी चोर नाहीस हे तरी सांग.

तरी ती दोन दिवस घोटाळत राहिली. मग पाळणाघराच्या बाईंनी तिला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्या एकेकाळी दवाखान्यात परिचारिका होत्या आणि बोलणं नेहमी सुई टोचल्यासारखं, चटकन आणि नेमकं. त्यांनी विचारलं, की बटणच्या आईचं आणि तुझं काही झालंय का, कारण तिनं आज सांगितलंय की मुलीची पिशवी ऑफिसात कुलपात ठेवा. का, ते सांगत नाही. माऊ म्हणाली, मला काय माहीत. तिच्या स्वतःच्याच कानांना ते खोटं वाटलं. बाईंनी तिच्याकडे एक क्षण जास्त पाहिलं.

त्या संध्याकाळी माऊ फाटकाबाहेर थांबली. बटणची आई मुलीला कडेवर घेऊन बाहेर पडली, तशी ती पुढे झाली. भराभर बोलायचं ठरवलं होतं; तोंडातून निघालं ते तुकड्यातुकड्यांनी. कॉलेजात तुम्ही पाहिलंत ते खरं नव्हतं. ते नाटक होतं. ते पाकीट रिकामं होतं. मी तिथे तेच काम करते.

बटणच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती एक पाऊल मागे सरकली आणि मुलीचं डोकं तळव्यानं झाकलं.

"हो, हो," ती अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाली. "नाटकच होतं ते. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तुम्हीही काही बोलू नका. आम्हाला जाऊ द्या."

पिसाळलेल्या कुत्र्यासमोर माणूस जसा बोलतो तसा तो आवाज होता. माऊ बाजूला झाली. ती बाई पाठ न दाखवता काही पावलं चालली आणि मग वळून जवळजवळ धावतच गेली. माऊ तिथेच उभी राहिली. आपल्याला कुणी इतकं घाबरलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि आपल्या स्वतःच्या भीतीहून ती भीती जास्त असह्य होती.

दुसऱ्या दिवशी बटण आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मग बाईंनी सांगितलं, की तिच्या आईचा फोन होता, मुलीला काढते म्हणाली, आणि कारण शनिवारी येऊन समक्ष सांगते. हे सांगताना त्या माऊकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या.

माऊ दुपारी कॉलेजात गेली. मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं, फाटकाजवळचं बोलणंसुद्धा. मॅडम ऐकता ऐकता पुढे सरकल्या, त्यांचे डोळे चमकले आणि हात आपोआप पेनाकडे गेला. "नेमकं काय म्हणाली ती? शब्द आठवतायत तुम्हाला? म्हणजे तुम्ही खरं सांगितल्यावर तिचं मत बदलण्याऐवजी..."

"मॅडम, पेन खाली ठेवा," माऊ म्हणाली.

तिनं त्यांच्याशी असा आवाज कधीच काढला नव्हता. मॅडम थांबल्या. पेन टेबलावर ठेवलं. मग ते नजरेआड करावंसं वाटलं असावं, खणात टाकून खण बंद केला. मग मॅडम म्हणाल्या, की चूक माझी आहे. मी तिच्या घरी जायला हवं होतं, गेले नाही, कारण प्रयोग संपत आला होता आणि मला घाई होती. अट तुम्ही मोडलीत हे बरं केलंत, मीच आधी मोडायला हवी होती. शनिवारी मी येते. माऊ म्हणाली, त्या विद्यार्थिनीलाही आणा.

शनिवारी पाळणाघराला अर्धा दिवस असे. मुलं गेल्यावर बाईंच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातली एक रिकामी. बटणची आई पर्स मांडीवर धरून, दाराच्या सर्वांत जवळ बसली होती. माऊ भिंतीजवळ. हात तिनं मांडीवर घट्ट गुंफून ठेवले होते. मॅडमनी स्वतःचं ओळखपत्र दाखवलं, प्रयोग समजावला, माफी मागितली. बटणची आई मान हलवत होती, पण तिच्या डोळ्यांवरून माऊला दिसत होतं की यातलं एक अक्षर आत जात नाहीये. तिला वाटत होतं, ही शिकलेली बाईही त्यांच्यातलीच.

तेवढ्यात दार उघडून विद्यार्थिनी आली. बस चुकल्यानं तिला उशीर झाला होता. धापा टाकत तिनं सगळ्यांना नमस्कार केला, माऊच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि सवयीनं माऊच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "अहो, किती गार पडलेत हात."

बटणच्या आईनं त्या मुलीकडे पाहिलं. पाकीट जिचं गेलं होतं, तीच ही. ती त्या चोर बाईचे हात चोळत होती. आईचा चेहरा काही वेळ तसाच राहिला, मग आतून काहीतरी सुटावं तसा हलला आणि ती रडायला लागली. इतकी की बाईंनी उठून पाणी दिलं.

पाणी पिऊन ती जे बोलली त्यासाठी कुणीच तयार नव्हतं. "मी पाहिलं होतं," ती विद्यार्थिनीला म्हणाली. "तुमचं पाकीट घेताना मी पाहिलं होतं. आणि तुम्ही परत आलात तेव्हा मी बोलले नाही. आतल्या खोलीत विचारलं, काही वेगळं घडलं का. मी लिहिलं, नाही."

मग तिनं थांबत थांबत सांगितलं. त्या दिवसापासून तिला त्या मुलीचा चेहरा दिसायचा. तिचे त्यात परीक्षेचे पैसे असतील, घरभाड्याचे असतील, असं वाटायचं. म्हणून ती कॉलेजचे फोनही उचलत नव्हती. तिला वाटायचं, चौकशी सुरू झाली असणार. आणि मग पाळणाघराच्या दारात ही बाई. ती माऊकडे वळली. "मला वाटायचं, तुम्हाला माझं सगळं माहीत आहे. मी बघून गप्प बसणारी बाई आहे, हे जगात एकट्या तुम्हाला माहीत होतं. माझी मुलगी रोज तुमच्या हातात देताना मला वाटायचं, हिला कळलंय की माझ्यासमोर काहीही केलं तरी चालतं."

इतके दिवस माऊ या बाईच्या गप्प बसण्याला घाबरत होती, आणि ही बाईसुद्धा त्याच गप्प बसण्याला घाबरत होती.

मॅडम म्हणाल्या, की ज्यांना ज्यांना आम्ही बोलावलं त्यातले बहुतेक सगळे गप्पच बसले. तुम्ही काही वेगळं केलं नाहीत.

"यानं मला बरं वाटायला हवं का?" बटणच्या आईनं विचारलं.

विद्यार्थिनीनं पिशवीतून ते पाकीट काढलं आणि उघडून दाखवलं. आत घडी केलेला कोरा कागद, फुगीर दिसावं म्हणून घातलेला. बटणची आई रडता रडता हसली. मग माऊला म्हणाली, "त्या दिवशी खोकला तरी खरा होता का?" माऊ म्हणाली, तेवढा खरा होता, आणि गोळीनं बरंही वाटलं होतं. आपला आवाज फुटतोय हे तिला कळलं, आणि तीही रडली.

इथं सगळं मिटायला हवं होतं. मॅडम आणि विद्यार्थिनी गेल्या, बटणची आई सोमवारपासून मुलीला आणते म्हणून गेली. खुर्च्या उचलायला माऊ मागे राहिली. पाळणाघराच्या बाई टेबलाशी बसून तिच्याकडे पाहत होत्या.

"माऊ," त्या म्हणाल्या, "रागावू नकोस. पण ती बाई महिनाभर तुला चोर समजत होती. तिला एकदाही शंका आली नाही. तू इतकं खरं करतेस."

माऊ हातात खुर्ची घेऊन उभी राहिली.

"मग मुलांना जवळ घेतेस, तेव्हा कसं ओळखायचं?"

बाई दुष्टपणानं बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. माऊच्या पोटात पुन्हा तोच गोळा आला, आणि या वेळी त्याला विरघळवायला कुठली दुसरी खोली नव्हती. ती म्हणू शकली असती, की मुलांना मी खरंच जीव लावते. पण हेच वाक्य एखाद्या चांगल्या नटीनंही अगदी असंच म्हटलं असतं, हे तिलाही कळत होतं आणि बाईंनाही. तिनं खुर्ची भिंतीशी ठेवली आणि म्हणाली, "मला नाही सांगता येत, बाई."

बाईंनी मान हलवली. नोकरी राहिली. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दोन्ही खोल्यांत कॅमेरे बसवून घेतले. आया हल्ली मागतात, असं म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. माऊ त्या कॅमेऱ्यांकडे बघायची नाही. पण कुणा रडणाऱ्याला उचललं, की क्षणभर तिला वाटे, आपण ज्या तऱ्हेनं उचललं ते पुरेसं खरं दिसलं का? पूर्वी असं कधी मनात आलं नव्हतं.

कॉलेजचं काम तिनं सोडलं. मॅडमनी तो प्रयोग तिथेच थांबवला; त्या म्हणाल्या, जेवढं हाती आलं तेवढ्यावर लिहीन. तिला त्यांनी दुसरं काम देऊ केलं. त्यात काहीच करायचं नव्हतं, नुसतं एका खुर्चीत बसून राहायचं होतं आणि समोरच्या माणसानं तिच्याकडे बघून ती कोण असेल ते सांगायचं होतं. माऊ नको म्हणाली. नवरा म्हणाला, बरं केलंस, तसलं तुला घरीही मिळेल. हे म्हणताना त्यानं तिचा हात धरून ठेवला होता, तो बराच वेळ सोडला नाही.

बटण रोज येऊ लागली. तिची आई आता दारात थांबायची, दोन शब्द बोलायची. कधी तिच्या डोळ्यांत ते जुनं चमकून जाई आणि ती स्वतःच ओशाळून खाली बघे. एकदा म्हणाली, "डोक्याला पटलंय हो, पण तुम्ही एकदम पुढे आलात की अजून छातीत धडधडतं." माऊ म्हणाली, "मला पण." दोघी त्यावर हसल्या. त्यानंतर माऊ तिच्यासमोर नेहमी थोडी लांबूनच, आधी हाक मारून जायची.

काही महिन्यांनी बटणची आई एका संध्याकाळी आली ती अगदी उतरलेल्या चेहऱ्यानं. दुकानात एका माणसानं फळीवरची बाटली खिशात टाकताना तिनं पाहिलं होतं. या वेळी गप्प बसायचं नाही असं तिनं ठरवलेलंच होतं. भर दुकानात, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तिनं त्याला थांबवलं. त्यानं पावती काढून दाखवली. बाटली त्यानं आधीच घेतली होती, किंमत बघायला पुन्हा फळीशी नेली होती. तो नुसता उभा राहिला, सगळे बघत होते, आणि मग निघून गेला.

"त्याचा चेहरा," बटणची आई म्हणाली, "त्याचा चेहरा तुमच्यासारखा झाला होता. त्या शनिवारी झाला होता तसा." माऊनं तिला मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. आता बोलायचं की गप्प बसायचं, हे तिनं माऊला विचारलं, जणू माऊला ते ठाऊक असायला हवं. माऊ म्हणाली, की मला विचाराल तर बोलायचं, पण आधी जवळ जाऊन, हळू, एकट्याला. हे बरोबर आहे की नाही याची तिला खात्री नव्हती. दोघी तशाच बसून राहिल्या. बटण एक मोजा काढून दुसरा काढायच्या खटपटीत होती.

पुढल्या वर्षी बटण शाळेत गेली. माऊ अजून त्याच पाळणाघरात आहे. नवी मुलं येतात, त्यांच्या आया दारात उभ्या राहतात, चेहरा चिंतेनं भरलेला, आणि बाई नेहमीप्रमाणे माऊला हाक मारतात. "ह्या माऊ," त्या सांगतात. "आमच्याकडे फार वर्षं आहेत. मुलांवर..." तिथं त्या जराशा थांबतात. श्वास घ्यायला थांबत असतील, शब्द शोधत असतील. मग म्हणतात, "मुलांवर फार माया आहे त्यांची."

त्या थांबण्याएवढा वेळ माऊ हात पुढे करून उभी असते. मग मूल तिच्या हातात येतं. बहुतेक वेळा ते रडत असतं.